गवतातली लाल शाल

४ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा बॅगेपेक्षा माझंच तोंड जास्त धुळीने माखलेलं होतं, पण घर पाहिलं आणि शीण गेला. टेकडीच्या कुशीत एकटंच बसकं घर, मागच्या दाराला लागून गवताचा उतार, उताराच्या पायथ्याशी तळं. माझी खोली माळ्यावर आहे. शहरातल्या माझ्या खिडकीतून शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर तेवढी दिसायची, त्यामुळे आज मी राणी.

काम असं आहे. काकांनी (सगळे त्यांना काकाच म्हणतात, म्हणून मीही) हयातभर डोंगर, कुरणं, तळी यांचे रंगीत फोटो काढले. आता त्यांच्या डोळ्यांतून रंग गेलेत. आजारच तसा आहे. उजेड कळतो, सावली कळते, लाल की हिरवं ते कळत नाही. एका प्रकाशकाला त्यांचं मोठं पुस्तक काढायचंय आणि काकांची अट आहे की सगळे फोटो काळेपांढरे करूनच छापायचे. मला दिसतं तसंच लोकांना दिसू दे, म्हणतात. रंगीत फोटो काळापांढरा करणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं. ताईला तर वाटतं की मी चांगल्या वस्तू बिघडवून पोट भरते.

काकू दारातच उभ्या होत्या. माझ्या हातातली बॅग ओढून घेतली, मी इतकी वाळलेली का म्हणून माझ्या सासूला नावं ठेवली, आणि सासूच नाही म्हटल्यावर तीच नावं शहराला ठेवली. मागच्या हिवाळ्यात आई गेली. तेव्हापासून मला असं हक्काने कुणी रागावलं नव्हतं. फार बरं वाटलं.

५ सप्टेंबर, मंगळवार

आज दिवसभर फोटो पाहिले. काका म्हणजे अवलिया माणूस. एका कुरणावर ढगाची सावली पडायची वाट बघत हा गृहस्थ तीन दिवस बसून राहिलेला आहे. मला चहाला उकळी येईपर्यंत धीर निघत नाही.

आणि प्रत्येक फोटोत काकू आहेत. लांब, बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर लाल लोकरीची शाल, कॅमेऱ्याकडे पाठ. काकांचं म्हणणं, माणूस उभं केल्याशिवाय झाड किती उंच ते कळत नाही, आणि हिरव्यात लाल ठिपका नसेल तर डोळा ठरत नाही. लग्न झाल्यापासून काकूंनी हेच केलं. चिखलातून, काट्यांतून काका सांगतील तिथे जायचं आणि सांगेपर्यंत हलायचं नाही. मी विचारलं, कधी तोंड कॅमेऱ्याकडे नाही केलंत? तर म्हणाल्या, माझ्या तोंडाकडे बघत बसला असता तर डोंगर कुणी पाहिला असता?

शाल अजून आहे. दाराजवळच्या खुंटीवर असते. एवढी मोठी की बसल्या बसल्या त्यांनी तिचं एक टोक माझ्या खांद्यावरून घेतलं आणि आम्ही दोघी आत मावलो. तिला धुराचा आणि साबणाचा वास येतो. आईच्या कपाटाला यायचा तसाच थोडा. मी उगाचच जरा जास्त वेळ बसले.

७ सप्टेंबर, गुरुवार

यंत्रणा लावून झाली. मी जात्याच आळशी, आणि आळशी माणसाइतकी चोख व्यवस्था कुणी करत नाही. संगणकावर एक फोल्डर केलंय. त्यात रंगीत फोटो पडला की तो आपोआप काळापांढरा होतो आणि जुन्याच्या जागी जाऊन बसतो. डिस्कमध्ये दोन-दोन प्रती ठेवायला जागा नाही, आणि रंगीत प्रती प्रकाशकाकडे आहेतच. काका अजूनही अंदाजाने एखादा फोटो काढतात, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड जोडलं तरी त्यातले फोटो सरळ तिथेच येतील आणि कार्ड पुसलं जाईल अशी सोय केली. मी फक्त चहा प्यायचा.

काळ्यापांढऱ्यात कोणता रंग किती उजळ आणि किती गडद उतरवायचा हे आपण ठरवतो. ते प्रमाण काकांनी स्वतः बसवून दिलंय. त्याला ते मात्रा म्हणतात, आणि सगळ्या पुस्तकाला एकच मात्रा हवी असा हट्ट आहे. पहिला फोटो त्या मात्रेने करून पाहिला. गवताचं पातं न् पातं उठून आलं. काकू मात्र दिसेनात. लाल आणि हिरवा डोळ्यांना एकमेकांचे वैरी, पण राखाडीत उतरले की कधीकधी सख्खे भाऊ निघतात. शाल आणि गवत अगदी एकाच करड्याचे झाले आणि काकू त्यात विरघळल्या. नवशिके इथेच फसतात.

काकांना सांगितलं. त्यांनी कागद नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाले, सुरेख, गवताला आत्ता कुठे श्वास घेता आला. त्यांना शाल रंगीत फोटोतही दिसत नाही, काळ्यापांढऱ्यात काय दिसणार? वाद घातला नाही. आधी सगळा ढीग उपसावा, मग एकेक शाल हाताने उजळवावी असं ठरवलं. काकूंना दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या.

"सुटले बाई, उभं राहायच्या कामातून," म्हणाल्या.

सगळ्यात जुन्या वर्षांपासून सुरुवात केली आहे. यंत्र चालू आहे, मी चालले तळ्यावर.

९ सप्टेंबर, शनिवार

काकूंबरोबर गवतातून लांबवर फिरून आले. ताईचा फोन आला होता, तिचं नेहमीचंच. मी कुठल्या आडरानात जाऊन पडले, इकडे तिने माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलंय, आणि आई असती तर मला कानाला धरून आणलं असतं. मी म्हटलं, इथे एक कानाला धरणारी भेटलीय. आईपण अशीच, म्हणता म्हणता ताई थांबली. आम्ही दोघी आईबद्दल बोलताना अजून अशाच मध्येच थांबतो.

एक गंमत झाली. जेवताना मी काकांच्या पहिल्या प्रवासाचा विषय काढला. लग्नानंतर लगेच दोघं एका दरीत गेले होते, तंबू उडाला होता, ही गोष्ट परवा काकूंनीच मला रंगवून सांगितली होती. आज म्हणाल्या, कोण गेलं होतं? मी तर कधी तंबूत झोपले नाही. काकाही म्हणाले, मी एकटाच होतो तेव्हा. मला वाटलं दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत. मीही हसले.

१२ सप्टेंबर, मंगळवार

फिरकी नाही.

काकूंनी आज मला विचारलं की त्यांचं लग्न कुठल्या साली झालं. मग धबधब्याचा फोटो दाखवला तर मान हलवली, ही जागा पाहिलेली नाही म्हणाल्या. वाळवंटाकडचा फोटो दाखवला तर मात्र सगळं आठवलं. उंटाने शाल चावली होती ते, काका त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले होते ते. धबधब्याचा फोटो काळापांढरा होऊन गेलाय. वाळवंटाचा अजून व्हायचाय.

वय झालं की माणूस विसरतं हे मला कळतं. पण दूधवाला आज दूध कमी देऊन गेला. मी विचारलं तर म्हणाला, दोघांनाच ना? काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्याने त्यांच्या अंगावरून बाहेर पाहिलं, आपण दाराच्या चौकटीवरून बघतो तसं. काकूंनी पदर सारखा केला आणि आत गेल्या. त्यांनाही ते लागलं असावं.

मी एकटी असते तेव्हा माझं मन नाही नाही ते रचतं, हे ताई नेहमी म्हणते. सकाळी यंत्र बंद करून टाकते. खरंखोटं नंतर बघू.

१३ सप्टेंबर, बुधवार

बंद करायला गेले तर काम पूर्ण झाल्याची खूण दिसत होती. सगळे फोटो झालेत. वाळवंटही. आता बंद करून काय उपयोग, यंत्र तसंच सोडलं.

सकाळी काकांनी ताटं मांडली. दोन. मी म्हटलं, काकूंचं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अवघड प्रश्न विचारलाय. मग शांतपणे म्हणाले, "मी लग्नच केलं नाही, पोरी."

काकू चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. राग नव्हता, दुःखही नव्हतं. अनोळखी घरात शिरलेलं माणूस जसं अवघडून उभं राहतं, तशा त्या उभ्या होत्या. मी त्यांना हाताला धरून माझ्या खोलीत आणलं आणि माझ्या ताटातलं वाढलं. त्या जेवल्या. मी बाहेर जाऊन रडले.

हे मी केलंय. माझ्या सोयीसाठी, चहा पीत पीत.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

काळ्यापांढऱ्यातून रंग परत काढता येत नाही. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. लाल आणि हिरवा एकदा का एकाच करड्यात गेले की त्यातला कुठला करडा कुणाचा ते देवालाही सांगता येत नाही.

म्हणून प्रकाशकाच्या ऑफिसात फोन केला आणि मूळ रंगीत फोटो मागितले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, लगेच पाठवले. आले तसे उघडले. रंग सगळे जागच्या जागी. गवत हिरवंगार, आकाश निळं, ढगाची सावली कुरणावर. लाल ठिपका कुठेच नाही. बाईंना पुन्हा फोन करून विचारलं, यात एक बाई होती ना, शाल पांघरलेली? त्या म्हणाल्या, काकांच्या फोटोत माणूस कधीच नसतो, तीच तर त्यांची खासियत.

काका दुपारी दोन कपांत चहा घेऊन ओसरीवर आले. एक स्वतः घेतला. दुसरा हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले, कुणाला द्यायचा ते आठवत. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि का येतंय ते त्यांनी मलाच विचारलं. डोळ्यांचा आजार आहे म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

काकू माझ्याच खोलीत असतात आता. फक्त मला दिसतात. मला का दिसतात? ज्याने केलं त्याला विसरायची सोय नसावी.

१६ सप्टेंबर

हात जोडून बसून भागायचं नाही. काकू कुठे उभ्या असायच्या ते मला प्रत्येक फोटोतलं पाठ आहे. मागच्या उताराचा फोटो घेतला आणि त्या जागी हाताने, करड्यातून करडा उचलत, उजळ शाल उभी केली. डोकं, खांदे, खाली घोळ. दिवस गेला. हुबेहूब जमली. माझ्या हातात कसब आहे हे आज पहिल्यांदा मला उपयोगाचं वाटलं.

१७ सप्टेंबर

सकाळी खिडकी उघडली. उतारावर काकू उभ्या.

अनवाणीच धावले. हाका मारल्या. शाल पांढरीफटक होती, मी काढली तशी. त्या वळल्या नाहीत. मी वळसा घालून समोर गेले. समोरही पाठ. पुन्हा वळसा घातला — पाठच. जिकडून जावं तिकडून शालीने झाकलेली पाठ आणि खाली पडलेला घोळ. पुढची बाजू नाहीच. मी ती काढलीच नव्हती. कुठल्याच फोटोत नव्हती, कुठून काढणार?

हात लावला. पाठ गवतासारखी ओलसर लागली. आतून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होतं, तोंडावर उशी दाबल्यासारखं.

वर आले, फोटोतून ते पुसलं. खाली पाहिलं तेव्हा उतार मोकळा होता. खोलीत काकू पलंगावर बसून होत्या, धाप लागलेली. खूप गुदमरल्यासारखं झालं म्हणाल्या. मी पायाशी बसून माफी मागितली. कशाची माफी, ते त्यांना कळलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात दिसत होता, पण त्यातून पलंगाची पट्टी दिसत होती.

१९ सप्टेंबर

आता आवाज जास्त आणि काकू कमी. खिडकीपाशी बसल्या की कळतच नाहीत.

मला ओळखत नाहीत. तरी पोरी म्हणतात.

आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. फोनवर ताई म्हणाली होती, संपलं. हे डोळ्यांसमोर संपतंय आणि मी इथेच आहे — यात काही बरं आहे का, मला ठरवता येत नाही.

एक विचार आलाय. जुने फोटो गेले तर गेले. नवा काढायचा. रंगीत. काळापांढरा करायचाच नाही. आणि या वेळी पाठ नाही. तोंड कॅमेऱ्याकडे.

२० सप्टेंबर

काढला.

काकांचा कॅमेरा घेतला, ट्रायपॉडवर लावला. काकूंना शाल पांघरली. शाल दिसते म्हणून त्या दिसतात. उतारावर उभ्या राहिल्या — सवयीने पाठ करून. मी खांदे धरून वळवलं. लाजल्या. म्हणाल्या, डोंगर तिकडे आहे, माझ्याकडे काय बघायचंय?

पहिला फोटो काढून मागच्या पडद्यावर पाहिला. गवत. नुसतंच गवत. शालसुद्धा नाही.

मग कळलं — त्यांना धरून ठेवणारं कुणी हवं. ज्याला अजून कुणी विसरलेलं नाही असं. आपोआप टिपायला कॅमेरा लावला आणि पळत जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी शालीचं एक टोक उचललं.

"सरक जवळ. शाल मोठी आहे," म्हणाल्या.

कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा पडद्यावर दोघी दिसताहेत. दोन चेहरे, लाल शाल. लाल! काकू हसताहेत. मी आत्ता वर आलेय. फोटो मोठा करून बघते. आणि काकांना दाखवते. लालभडक आहे, त्यांनाही दिसेल. दिसायलाच हवा.

२० सप्टेंबर, तासाभराने

कार्ड जोडलं.

सवयीने. मोठा करून बघायला म्हणून — जोडलं आणि जोडताक्षणी आठवलं. ओढून काढलं, तोवर —

फोल्डरात आहे. झालेला. काकांच्याच मात्रेने. गवत सुरेख आलंय, पातं न् पातं. आणि कार्ड रिकामं. सोय केली होती ना मी, घेतलेलं पुसून टाकायची. आळशी माणसाइतकी चोख व्यवस्था —

२१ सप्टेंबर

काकांनी ताट मांडलं. एक.

मी समोर बसून हाका मारल्या. ते जेवले. मध्येच थांबून दाराकडे पाहिलं, कुणी येणार असल्यासारखं. मग पुन्हा जेवले. मी त्यांच्या बाहीला हात लावला, त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

दूधवाल्याने माझ्यावरून बाहेर पाहिलं.

२२ सप्टेंबर

ताईला फोन केला. तिने उचलला. मी म्हटलं, ताई, मी. कोण हवंय, म्हणाली. मी म्हटलं, अगं मी, तुझी धाकटी, मस्करी करू नकोस, मला न्यायला ये. ती घाबरली नाही, चिडलीही नाही. तिचा आवाज हळू झाला. आईबद्दल बोलताना होतो तसा.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आईला मी एकटीच," म्हणाली.

आणि तरी लगेच ठेवला नाही. मी रडत होते ते ऐकत राहिली. तिला ऐकू येत होतं की नाही — कुणास ठाऊक. मग ठेवला.

२३

आई कशी हाक मारायची मला? आत्ता होतं — जिभेवर होतं —

काकूंना विचारलं. कोण काकू, म्हणाल्या.

२४

कागदावर लिहिलं की उमटतं. थोडा वेळ राहतं. आधीच्या पानांवरची शाई गवताच्याच करड्यात —

काका खाली फोटो बघताहेत. नाकाशी धरून. छान म्हणताहेत. छान आहेच.

खोलीत कुणीतरी आहे. भीती वाटायला हवी. नाही वाटत. म्हातारी आहे, धुराचा आणि साबणाचा वास येतो, माझा हात धरून बसलीय. मला वाटतं आमचं काही नातं असावं. तिलाही तसंच वाटत असणार, सोडत नाही.

खाली उतारावर जाऊ म्हणते. तिथे उभं राहायची सवय आहे म्हणे.

थंडी आहे. शाल मोठी आहे, दोघींना पुरते. तिचा रंग